कर्नल तपासणारी ‘एलएक्स-भट्टी’ आज्ञा वारंवार का बंद पडते

फाउंड्रीतल्या भट्ट्यांचे तापमान नोंदवणारे एक यंत्र आम्ही कोल्हापुरात बनवतो. त्यात 64 बिटांचा एआरएम बोर्ड आहे, त्यावर लिनक्स चालते, आणि थर्मोकपलकडून आलेले आकडे गोळा करणारा ड्रायव्हर आम्ही स्वतः लिहिलेला असून तो कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, मॉड्यूल (वेगळा चढवता-उतरवता येणारा तुकडा) म्हणून बसतो. एखादे चॅनेल अडकले की बाहेरून फारसे काही कळत नाही. म्हणून कर्नल थांबवून ड्रायव्हरच्या पोटातली चॅनेलांची यादी जीडीबी या डीबगरमधून (चालू प्रोग्रॅम थांबवून त्याच्या आत पाहण्याच्या साधनातून) थेट वाचता यावी यासाठी आम्ही पायथनमध्ये एक छोटी आज्ञा लिहिली आणि तिचे नाव ‘एलएक्स-भट्टी’ ठेवले. ‘एलएक्स’ हा उपसर्ग आमचा नाही. कर्नलच्या सोर्समध्ये ‘स्क्रिप्ट्स’ डिरेक्टरीखाली ‘जीडीबी’ नावाची डिरेक्टरी असते, तेथील आज्ञा याच उपसर्गाने सुरू होतात. हे काम यान किस्का यांनी केले आणि 2015 मध्ये 4.0 या आवृत्तीपासून ते मुख्य कर्नलचा भाग झाले. खाली आज्ञांची व फाइलींची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची आहेत.

अडचण अशी की ही आज्ञा दर दोन-तीन महिन्यांनी बंद पडते. आमच्याकडे नव्याने आलेला मुलगा सकाळी येऊन म्हणतो, “सर, काल चालत होती की ओ ही कमांड, आज जीडीबी वळखंनाच झालंय,” आणि पहिली प्रतिक्रिया म्हणून स्क्रिप्ट उघडून तिच्यात काहीतरी बदलू लागतो. मीही पूर्वी तेच करत असे. आता मागे वळून पाहता स्क्रिप्टमध्येच चूक निघाली असे प्रसंग थोडे आहेत. बहुतेक वेळा बोर्डावर चालू असलेले कर्नल, आपल्या हातातली ‘व्हीएमलिनक्स’ फाइल (बिल्डमधून निघणारी, डीबग माहितीसकट कर्नलची प्रत) आणि स्क्रिप्ट ज्या सोर्समधून आली तो सोर्स, या तिघांपैकी एक जण इतर दोघांपासून फुटलेला असतो. त्यामुळे स्क्रिप्टला हात लावण्याआधी कोण फुटला आहे हे ठरवावे, आणि ते बिघाडाच्या लक्षणावरून बऱ्यापैकी ठरवता येते.

आज्ञा ओळखलीच जात नाही

जीडीबी ‘अनडिफाइन्ड कमांड’ असे सांगत असेल तर प्रथम ‘ॲप्रोपॉस एलएक्स’ असे विचारून किती आज्ञा भरल्या गेल्या आहेत ते पाहावे. एकही नाही, काही आहेत व काही नाहीत, आणि आपली सोडून सगळ्या आहेत, या तीन उत्तरांची कारणे पूर्णपणे वेगळी आहेत.

एकही आज्ञा नसेल तर आधी त्या जीडीबीला पायथन येते का ते तपासावे. बोर्ड पुरवणाऱ्यांच्या क्रॉस टूलचेनसोबत (दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड बांधणाऱ्या साधनांसोबत) येणारे जीडीबी पुष्कळदा पायथनशिवाय बांधलेले असते. त्याला पायथनची एक ओळ दिली की या प्रतीत पायथनची सोय नाही, असे ते स्वच्छ सांगते. डेबियन किंवा उबुंटूवर ‘जीडीबी-मल्टिआर्च’ हे पॅकेज घेतले की हा प्रश्न मिटतो. पायथन असूनही आज्ञा नसतील, तर संशय आपोआप भरणीवर घ्यावा. जीडीबी व्हीएमलिनक्स उघडताना त्याच नावापुढे ‘-जीडीबी.पीवाय’ लावलेली फाइल त्याच डिरेक्टरीत शोधते आणि सापडल्यास चालवते, परंतु ती डिरेक्टरी सुरक्षित मार्गांच्या यादीत नसेल तर एक इशारा छापून नकार देते. हा इशारा इतर ओळींच्या गर्दीत निसटतो, आणि जीडीबी शांतपणे सुरू होत असल्यामुळे सगळे ठीक आहे असा समज होतो. ‘इन्फो ऑटो-लोड पायथन-स्क्रिप्ट्स’ असे विचारल्यावर फाइल भरली गेली की नाही हे ‘येस’ किंवा ‘नो’ अशा शब्दांत दिसते. उपाय एका ओळीचा आहे: जीडीबी सुरू होताच वाचते त्या आपल्या जीडीबीइनिट फाइलीत ‘ॲड-ऑटो-लोड-सेफ-पाथ’ या आज्ञेपुढे बिल्डच्या डिरेक्टरीचा पूर्ण मार्ग लिहावा. वर ज्या मुलाचे वाक्य दिले आहे त्याने आदल्या संध्याकाळी सगळा सोर्स नव्या डिस्कवर हलवला होता. मार्ग बदलला, जुनी परवानगी निरर्थक झाली, आणि स्क्रिप्टमधला एक शब्दही बदललेला नसताना सकाळी आज्ञा नाहीशी झाली.

याच नियमाची दुसरी बाजू आम्हाला अधिक महागात पडली. जुन्या बिल्डच्या व्हीएमलिनक्स फाइली जपून ठेवताना आम्ही त्यांच्या नावापुढे तारीख लावत होतो. पण जीडीबी मूळ नाव नव्हे, तर समोर असलेल्या फाइलीचे नाव धरून जोडीची स्क्रिप्ट शोधते. म्हणजे तारीख लावलेल्या फाइलीसाठी ते तारीख लावलेली स्क्रिप्ट शोधणार आणि ती कुठेच नसणार. तेव्हापासून नाव तसेच ठेवून प्रत्येक बिल्डला स्वतंत्र डिरेक्टरी देतो.

कर्नलच्या मांडणीत (कॉन्फिगरेशनमध्ये) ‘जीडीबी स्क्रिप्ट्स’ हा पर्याय चालू नसेल तर बिल्डच्या मुळाशी ती जोड-फाइल तयारच होत नाही, हेही एकदा पाहून घ्यावे. तो चालू आहे पण डीबग माहिती ‘रिड्यूस्ड’ प्रकारची निवडली आहे, असे असेल तर कर्नलची स्क्रिप्ट स्वतःच पुढे जाण्यास नकार देते, कारण अशा माहितीत स्ट्रक्चरांचे (सीमधल्या चलांच्या गटांचे, त्यातले प्रत्येक चल म्हणजे मेंबर) पूर्ण वर्णन नसते. बिल्डचा आकार कमी करण्याच्या नादात हा पर्याय कोणीतरी चालू करून ठेवतो, असा माझा अनुभव आहे.

आता काही आज्ञा आहेत व काही नाहीत, या विचित्र अवस्थेकडे येतो. मुख्य स्क्रिप्ट एकामागून एक फाइली आयात करत जाते. मध्येच एखादी फाइल आयात होताना चूक झाली की तेथून पुढच्या सर्व फाइली राहून जातात. आम्ही आमच्या फाइलीची आयात यादीच्या मधोमध घातली होती आणि त्या फाइलीच्या पहिल्याच काही ओळींत चॅनेलच्या स्ट्रक्चरचा प्रकार शोधत होतो. स्ट्रक्चर मॉड्यूलमधले, मॉड्यूलचे सिम्बॉल (आतल्या गोष्टींची नावे व पत्ते) अजून भरलेले नाहीत, म्हणून अशा नावाचा प्रकार नाही अशी चूक येई आणि आमच्या आज्ञेबरोबर कर्नलच्या अर्ध्या आज्ञाही बुडत. यातून दोन बदल केले. एक, आपली आयात नेहमी यादीच्या शेवटी ठेवायची, म्हणजे आपली चूक इतरांना भोवणार नाही. दोन, प्रकार फाइल भरताना शोधायचा नाही, तर आज्ञा चालवली जाते त्या क्षणी शोधायचा. कर्नलच्या ‘युटिल्स’ फाइलीत यासाठीच ‘कॅश्डटाइप’ नावाचा वर्ग ठेवलेला आहे: तो पहिल्यांदा गरज पडेल तेव्हाच प्रकार शोधतो, लक्षात ठेवतो, आणि जीडीबीत नवी सिम्बॉल फाइल आली की लक्षात ठेवलेले विसरून पुन्हा शोधण्यास तयार होतो. हा शेवटचा गुण क्षुल्लक वाटतो, पण मॉड्यूलवर काम करणाऱ्याला तोच वाचवतो. का ते पुढे येईल.

फक्त आपलीच आज्ञा गायब असेल तर कारणे साधी असतात. ‘जीडीबी.कमांड’ पासून आपला वर्ग तयार केला, त्यात नाव नोंदवले, ‘इनव्होक’ ही मेथड लिहिली, पण फाइलीच्या तळाशी त्या वर्गाची एक प्रत निर्माण करणारी ओळ विसरली, तर जीडीबीला आज्ञेचा पत्ताच लागत नाही. आयातीची ओळ मुख्य स्क्रिप्टमध्ये घालायची राहिली तरी परिणाम तोच. जे बिल्ड सोर्सच्या बाहेर वेगळ्या डिरेक्टरीत करतात त्यांच्यासाठी आणखी एक खाच आहे: तिथे पायथनच्या फाइली नसतात, सोर्समधील फाइलींकडे बोट दाखवणाऱ्या जोडण्या असतात, आणि त्या ‘मेक’ चालवल्यावरच तयार होतात. जुन्या फाइलीत बदल केला तर तो लगेच दिसतो, परंतु नवी फाइल घातली तर ‘मेक स्क्रिप्ट्स_जीडीबी’ पुन्हा चालवल्याशिवाय ती तिथे उगवत नाही.

या सगळ्याच्या जोडीला एक भास होतो, त्याचा इथेच निकाल लावतो. स्क्रिप्ट दुरुस्त केली, जीडीबीत ‘सोर्स’ आज्ञेने मुख्य फाइल पुन्हा वाचून घेतली, तरी जुनीच चूक जुन्याच ओळीवर येते. पायथन एकदा आयात केलेले मॉड्यूल त्या सत्रात पुन्हा वाचत नाही, त्यामुळे मुख्य फाइल नव्याने वाचली तरी आतल्या फाइली जुन्याच राहतात. ‘इम्पोर्टलिब’मधील ‘रीलोड’ वापरून आपली फाइल नेमकी पुन्हा भरावी किंवा सरळ जीडीबी बंद करून सुरू करावे. मी दुसरा मार्ग पत्करतो. एकाच सत्रात दोन वेगवेगळ्या कर्नलची व्हीएमलिनक्स उघडल्यासही हाच घोटाळा होतो, कारण दोन्हीकडच्या फाइली पायथनला एकाच ‘लिनक्स’ नावाने दिसतात आणि जी आधी आली ती टिकते.

आज्ञा चालते, पण मेमरी वाचता येत नाही

अमुक पत्त्यावरील मेमरी वाचता येत नाही, असे उत्तर आले तर आपल्या आज्ञेला बाजूला ठेवून कर्नलची स्वतःची ‘एलएक्स-व्हर्जन’ चालवावी. तीही फसली तर दोष आपला नाही.

पहिले कारण पत्त्यांच्या यादृच्छिक मांडणीचे, म्हणजे केएएसएलआरचे. ती चालू असली की कर्नल दर बूटला वेगळ्या पत्त्यावर बसते, तर व्हीएमलिनक्समधले पत्ते बिल्डच्या वेळी ठरलेले असतात. एक्स86 वर 4.12 या आवृत्तीपासून, म्हणजे 2017 पासून, ती मुळातच चालू असते, त्यामुळे लॅपटॉपवर क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या यंत्रात) तालीम करणाऱ्या प्रत्येकाला ही ठेच एकदा लागतेच. कर्नलच्या कमांड लाइनवर ‘नोकेएएसएलआर’ हा शब्द घालावा. क्यूईएमयूला कर्नल वेगळे देऊन चालवत असाल तर तो शब्द ‘अपेंड’ या पर्यायात जायला हवा. पाहुण्या यंत्राच्या बूटलोडरच्या फाइलीत लिहून उपयोग होत नाही, कारण तो बूटलोडर मुळी चालतच नाही.

दुसरे कारण अधिक फसवे आहे, कारण ते नेहमी चूक दाखवत नाही, कधीकधी अर्थशून्य आकडे दाखवते. व्हीएमलिनक्स एका बिल्डची आणि बोर्डावरचे कर्नल दुसऱ्या बिल्डचे. जुलै 2021 मध्ये पंचगंगेचे पाणी चढले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, तेव्हा आमचा बोर्ड नदीपलीकडे फाउंड्रीत आणि आम्ही अलीकडे राजारामपुरीत अडकलो होतो. बिल्डचे यंत्र बंद होते, म्हणून एका सहकाऱ्याने घरच्या लॅपटॉपवर तोच सोर्स, तीच मांडणी घेऊन व्हीएमलिनक्स नव्याने बांधली आणि पलीकडच्या माणसाला जोडणी करायला सांगून दूरून तपासणी सुरू केली. सोर्स तोच होता, पण कंपायलरची आवृत्ती वेगळी होती. तेवढ्याने फंक्शनांची लांबी आणि त्यांच्यामागून येणाऱ्या साऱ्या चलांचे पत्ते सरकले. आमची आज्ञा चॅनेल क्रमांक तीनवर 1,84,467 अंश असले काहीतरी तापमान दाखवत होती. लोखंड साधारण 1,538 अंशांना वितळते हे तेथे सर्वांना ठाऊक असल्यामुळे आकड्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, हे नशीब. आकडा पटण्याजोगा आला असता तर दोन दिवस भलत्या दिशेने गेले असते.

यावर मी जी कसोटी वापरतो ती अशी. व्हीएमलिनक्स उघडून, बोर्डाला जोडण्यापूर्वी, ‘लिनक्स_बॅनर’ या चलातील मजकूर छापावा. या वेळी जीडीबी तो फाइलीतून वाचते. मग बोर्डाला जोडून तेच चल पुन्हा छापावे. आता तो मजकूर बोर्डाच्या मेमरीतून येतो. दोन्ही ओळी अक्षरशः सारख्या असायला हव्यात, अगदी बिल्डचा क्रमांक आणि तारीख-वेळेसकट. दुसऱ्या वेळी कचरा आला किंवा वाचताच आले नाही तर पत्ते सरकले आहेत. वाचता आले पण बिल्ड क्रमांक किंवा वेळ निराळी निघाली तर फाइल दुसऱ्या बिल्डची आहे. मात्र या कसोटीला एक अपवाद आहे. बिल्ड पुन्हा तंतोतंत करता यावे म्हणून काही बिल्ड व्यवस्था तारीख व क्रमांक ठरावीक मूल्यावर गोठवतात, आणि मग दोन वेगळ्या कर्नलांचे बॅनर हुबेहूब सारखे दिसतात. तिथे बिल्ड-आयडी पाहावा: फाइलीतील आयडी ‘रीडएल्फ’ने दिसतो आणि चालू कर्नलचा ‘सिस’ फाइल व्यवस्थेतील ‘कर्नल’ डिरेक्टरीखालच्या ‘नोट्स’ फाइलीत असतो. ही तुलना बोर्ड थांबवण्याच्या आधी करावी लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

मॉड्यूलच्या बाबतीत याच दोषाची एक धाकटी आवृत्ती आहे. मॉड्यूल कुठे बसेल हे ते भरताना ठरते, म्हणून ‘एलएक्स-सिम्बॉल्स’ ही आज्ञा कर्नलमधील मॉड्यूलांची यादी वाचून प्रत्येकाचे सिम्बॉल योग्य पत्त्यावर भरते, आणि पुढे नवे मॉड्यूल चढले तर तेही पकडते. तिला मॉड्यूलच्या फाइली असलेल्या डिरेक्टरीचा मार्ग द्यावा, आणि तो बिल्डमधल्या फाइलींचा असावा. बोर्डावर नेलेल्या फाइलींमधून डीबग माहिती बहुधा खरवडून काढलेली असते. ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला तर पत्ता बदलतो. अशा वेळी ‘एलएक्स-सिम्बॉल्स’ पुन्हा चालवण्याची सवय लावून घ्यावी. ती चालवताना सर्व सिम्बॉल फाइली नव्याने वाचल्या जातात. आपल्या स्क्रिप्टने स्ट्रक्चरचा प्रकार एका साध्या चलात धरून ठेवला असेल तर ती पकड जुन्या वर्णनावरच राहते, आणि म्हणूनच वर ‘कॅश्डटाइप’चा आग्रह धरला.

मेंबर सापडत नाही

‘अशा नावाचा मेंबर नाही’ किंवा ‘असे सिम्बॉल या संदर्भात नाही’ असे उत्तर आले तर निदान झाल्यातच जमा आहे: स्क्रिप्ट एका आवृत्तीसाठी लिहिलेली आहे आणि कर्नल दुसऱ्या आवृत्तीचे आहे. कर्नलच्या आतल्या स्ट्रक्चरांविषयी कोणी कोणाला शब्द दिलेला नाही. आम्ही 5.10 वरून 6.1 वर गेलो तेव्हा हे पुरेपूर भोगले. प्रक्रियेची अवस्था सांगणारा ‘टास्क_स्ट्रक्ट’मधील ‘स्टेट’ हा मेंबर 5.14 मध्ये दोन अंडरस्कोअर लावून नव्या नावाने आला, त्यामुळे अडकलेली प्रक्रिया शोधणारा आमचा भाग कोसळला. प्रक्रियेच्या मेमरीचे तुकडे एकाला एक जोडलेल्या साखळीत असत, ती साखळी 6.1 मध्ये गेली आणि मेपल ट्री ही झाडासारखी रचना आली, त्यामुळे त्या साखळीवरून चालणारे फंक्शन फेकूनच द्यावे लागले. पुढे 6.4 मध्ये ‘मॉड्यूल’ स्ट्रक्चरमधील कोअर लेआउट जाऊन मेमरीच्या तुकड्यांचा ॲरे आला आहे; म्हणजे मॉड्यूलचा मूळ पत्ता स्वतः काढणाऱ्या स्क्रिप्टा तेथे थांबतील.

कर्नलच्या स्वतःच्या स्क्रिप्टा अशा बदलांबरोबर दुरुस्त होत जातात, म्हणून त्या एका आवृत्तीतून उचलून दुसरीत ठेवू नयेत. 5.10 मध्ये कर्नलच्या संदेशांचा बफर नव्या पद्धतीचा झाला. त्याआधीची ‘एलएक्स-डीमेसेज’ नव्या कर्नलवर चालवली तर ती ‘लॉग_फर्स्ट_आयडीएक्स’ हे आता नसलेले चल शोधत बसते. आपली फाइल मात्र आपणच सांभाळायची असते. मेंबर आहे का हे जीडीबीच्या ‘टाइप्स’ मॉड्यूलमधील ‘हॅज_फील्ड’ने विचारून जुने किंवा नवे नाव निवडता येते. दोन आवृत्त्यांपर्यंत मी तसे करतो. तिसरी आली की जुनी सोडून देतो, कारण पर्यायांचे जंगल वाढले की स्क्रिप्टलाच डीबगरची गरज पडते.

मॅक्रोंचा प्रश्न वेगळा आहे. डीबग माहितीत सहसा मॅक्रो नसतात, त्यामुळे हेडरमध्ये ‘डिफाइन’ केलेला आकडा जीडीबीला नावाने विचारून मिळत नाही, आणि तो स्क्रिप्टमध्ये हाताने लिहिला तर पुढच्या आवृत्तीत गुपचूप चुकीचा ठरू शकतो. कर्नलने यासाठी ‘कॉन्स्टंट्स’ची एक कच्ची फाइल ठेवली आहे, ती बिल्डच्या वेळी सीच्या प्रीप्रोसेसरमधून जाते आणि खऱ्या आकड्यांची पायथन फाइल तयार होते. आपला मॅक्रो त्या कच्च्या फाइलीत नोंदवावा.

कोणत्याही प्रकारची चूक असो, फक्त शेवटची ओळ पाहून निष्कर्ष काढू नये. ‘सेट पायथन प्रिंट-स्टॅक फुल’ एवढे जीडीबीइनिटमध्ये घातले की चूक कोणत्या फाइलीत, कोणत्या ओळीवर आणि कोणाच्या हाकेवरून झाली हे पूर्ण दिसते.

उत्तर येते, पण चुकीचे येते

येथे आमचा सर्वांत जास्त वेळ गेला. आम्हाला पाच सेकंदांच्या अंतराने चॅनेलचा मोजणी क्रमांक वाचून तो पुढे सरकतो का ते पाहायचे होते. स्क्रिप्ट पहिले मूल्य घेई, कर्नल चालू करून पुन्हा थांबवी, दुसरे मूल्य घेई आणि वजाबाकी करी. उत्तर दर वेळी शून्य. ड्रायव्हर गोठला आहे असे समजून आम्ही दोन दिवस लॉक तपासले. खरे कारण हे की जीडीबीतील पायथनचे मूल्य आळशी असते: ‘मूल्य घेतले’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याने फक्त पत्ता टिपलेला असतो आणि मेमरी गरज पडेल तेव्हाच वाचली जाते. आमची गरज वजाबाकीच्या वेळी पडत होती, म्हणून दोन्ही मूल्ये त्याच क्षणी वाचली जात होती. पहिल्या मूल्यावर ‘फेच_लेझी’ बोलावले किंवा ते लगेच पायथनच्या पूर्णांकात बदलले की प्रश्न संपतो.

हाच आळशीपणा दुसरीकडे उपकारक आहे. बोर्डाला आम्ही केजीडीबीने (कर्नलमध्येच असलेल्या डीबगच्या सोयीने) सिरीयल केबलवरून जोडतो, वेग 115200 बॉड. एका बाइटला दहा बिट धरले तर सेकंदाला 11,520 अक्षरे, आणि मेमरीचा प्रत्येक बाइट दोन हेक्स अक्षरांनी येतो, म्हणजे फार तर 5,760 बाइट. ‘टास्क_स्ट्रक्ट’ चार किलोबाइटांचा धरला आणि दोनशे प्रक्रिया असल्या, तर पूर्ण स्ट्रक्चरे वाचणाऱ्या आज्ञेला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. नुसते नाव वाचायचे तर प्रत्येकी सोळा बाइट पुरतात. म्हणून लूपमध्ये संपूर्ण स्ट्रक्चर छापू नये, हवे ते मेंबर तेवढेच मागावेत.

नावांच्या गोंधळानेही एकदा चकवले. आमच्या यादीचे मूळ ‘चॅनेल_लिस्ट’ हे फाइलीपुरते मर्यादित, म्हणजे ‘स्टॅटिक’ चल आहे, आणि त्याच नावाचे चल आमच्याच दुसऱ्या मॉड्यूलमध्ये होते. कर्नल कुठे थांबले आहे त्यानुसार जीडीबी कधी हे तर कधी ते उचलत होते, त्यामुळे आज्ञा ‘कधी चालते, कधी नाही’ अशा वर्गात मोडली होती. जीडीबीत चलाच्या आधी अवतरण चिन्हांत फाइलीचे नाव आणि दोन दुहेरी बिंदू लिहिता येतात. तसे केल्यापासून ती तक्रार नाही. फंक्शनच्या आतल्या चलांवर मात्र विसंबू नये. कर्नल ऑप्टिमायझेशनशिवाय बांधताच येत नाही, त्यामुळे ती चले ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ निघणे हा बिघाड नसून नेहमीची स्थिती आहे. जागतिक चलापासून सुरुवात करून ‘कंटेनर_ऑफ’च्या (मेंबरच्या पत्त्यावरून पूर्ण स्ट्रक्चर गाठण्याच्या सोयीच्या) आधाराने पुढे सरकणारी आज्ञाच टिकते.

शेवटी, आज्ञा उत्तरच न देता अडकली तर. कर्नल कोणत्याही क्षणी थांबवले जाते, आणि डीबगरला लॉक घेता येत नाही. एखादा घटक यादीत अर्धवट जोडलेला असताना थांबलो, किंवा मेमरी खरोखरच बिघडलेली असली, तर यादीवर चालणारा लूप मूळ टोकाशी परत येतच नाही. कंट्रोल-सी दाबून बाहेर पडावे आणि त्या यादीच्या मुळावर ‘एलएक्स-लिस्ट-चेक’ चालवावी. पुढची व मागची कडी एकमेकींशी जुळत नसेल तर ती नेमकी जागा दाखवते. आमच्या बोर्डावर सोळा चॅनेले आहेत, म्हणून ‘एलएक्स-भट्टी’ चौसष्ट घटकांनंतर स्वतःच थांबते, किती मोजले ते सांगते, आणि पहिल्या ओळीत बोर्डाचा बॅनर छापते. तो फाइलीच्या बॅनरशी जुळला नाही तर पुढचे काहीही छापत नाही.